चंद्राबाईचा नांगर

चंद्राबाईनं आयुष्यात बरंच काही चालवलं होतं. घर चालवलं, दोन म्हशींच्या दुधाचा रतीब चालवला, आणि महाडच्या एका कारखान्यात वॉचमन असलेल्या नवऱ्याला, कोंडाजीला, तो सुट्टीवर घरी आला की पंचवीस वर्षं सरळ चालवलं. नांगर तेवढा चालवला नव्हता. कुडपणच्या तिच्या वाडीत बाई नांगराला हात लावत नाही. लावला तर पाऊस रुसतो म्हणतात. बाईनं राब भाजावा, पेरावं, लावणी करावी, तण उपटून बेणणी करावी, कापावं, झोडावं, भारे डोक्यावरून वाहावे. त्यानं पावसाचं काही बिघडत नाही. नांगराच्या मुठीला तिचं बोट लागलं की मात्र तो रुसतो. पाऊस एवढा मानी कधी झाला, हे वाडीत कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं ते पुरुषांना, आणि पुरुषांना ही सोय पसंत होती.

कोंडाजी होता तोवर तिचंही अडलं नाही. आषाढात तो आठ दिवसांची रजा टाकून घाट चढून यायचा आणि आपल्या बैलांनी सातही खाचरं नांगरून द्यायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. बैल विकले. अडीच एकर जमीन चंद्राबाईच्या नावावर झाली आणि नांगर येसाजीच्या हातात गेला.

येसाजी म्हणजे कोंडाजीचा थोरला चुलत भाऊ. वाडीत आता बैलांची जोडी उरली होती ती त्याच्याचकडे, त्यामुळं आषाढाचा एक महिना तो वाडीचा राजा असायचा. आधी स्वतःची खाचरं, मग सख्ख्या भावांची, मग ज्यांच्याशी उठबस त्यांची, मग ज्यांच्याशी नाही त्यांची, आणि सगळ्यांच्या शेवटी चंद्राबाईची. तोवर तिनं रोज चहाची किटली घेऊन ज्याच्या त्याच्या बांधावर जायचं आणि विचारायचं, "भावोजी, आमच्याकडं कधी?" येसाजी चहा प्यायचा, मिशी पुसायचा, आणि म्हणायचा, "येऊ गो. पळून चाललंय काय शेत?"

शेत पळत नव्हतं, पाऊस पळत होता. पहिल्या वर्षी लावणी इतकी उशिरा झाली की निम्मं भात फोल निघालं. दुसऱ्या वर्षी तिच्याच खाचरात एक बैल घसरून पडला, जू त्याच्या मानेत रुतलं, आणि चंद्राबाईनं धावत जाऊन नांगराची मूठ उचलून धरली. बैल वाचला. येसाजी मात्र तिथल्या तिथं नांगर सोडून घरी गेला, आणि गावकीनं चंद्राबाईला देवीपुढं नारळ फोडून माफी मागायला लावली. बैलाचा जीव वाचला, याचं कुणी नावही काढलं नाही. तिसऱ्या वर्षी तर नागपंचमी उलटून गेली तरी तिची दोन खाचरं नांगराविना होती, ती तशीच राहिली.

त्या दोन ओसाड खाचरांकडं बघून चंद्राबाईनं ठरवलं की पुढच्या आषाढात आपण कुणाच्या बांधावर किटली घेऊन उभं राहायचं नाही. कोंडाजीच्या माघारी कंपनीनं दिलेले पैसे पोलादपूरच्या बँकेत तिच्या नावावर होते. त्यातून एक यंत्र घ्यायचं. कुठलं, ते तिच्या मनात पक्कं होतं.

पण तिच्या मुलाच्या, पियुषच्या, मनात दुसरंच पक्कं होतं. तो मे महिन्यात कांदिवलीहून आला तो निषाद नावाच्या मित्राला घेऊनच. निषाद चांगला मुलगा होता, पायातले बूट काढून घरात यायचा, पिठलं दोनदा मागून खायचा. दोघांनी मिळून सारवलेल्या ओटीवर बसून चंद्राबाईला समजावलं. कुडपणला आता लोक गाड्या करकरून येतात, ढग बघायला येतात, धबधबे बघायला येतात. त्यांना राहायला जागा नाही. आपल्या खाचरांत तीन तंबू टाकायचे आणि बाकी सगळी हिरवळ करायची.

"आई, शेती कोण करतंय आता?" पियुष म्हणाला.

"मी करतेय."

"ते सोड गं."

निषादनं मोबाईलवर फोटो दाखवला. लालभडक, बुटकं यंत्र, चार चाकं, मऊ गादी, पुढं छोटं स्टिअरिंग. जत्रेत पोरांना बसवतात त्या गाडीसारखं. "मावशी, हे गवत कापायचं मशीन. बसून चालवायचं. पाय दाबला की पुढे जातं, बस. तुम्हीच चालवायचं. कंबर दुखायचा प्रश्न नाही."

चंद्राबाईनं फोटो नीट बघितला. तिला ते आवडलंही. "आनि कापलेलं गवत?"

"मागे पिशवीत गोळा होतं."

"मंग?"

"मग टाकून द्यायचं."

"टाकून?"

आता या वाडीत कार्तिकात गवत कापतात ते विळ्यानं, एकेक मूठ करून. भारे मोजून रचतात. चंद्राबाईच्या सासूनं गवताच्या दोन भाऱ्यांवरून सख्ख्या जावेशी अकरा वर्षं अबोला धरला होता. अशा घरात बसून तो मुलगा गवत टाकून द्यायला सांगत होता.

"टाकूनच द्यायचं तर लावायचं कशाला?" चंद्राबाईनं विचारलं. निषादला वाटलं मावशी गंमत करतायत, तो मोकळेपणी हसला.

"मला छोटा ट्रॅक्टर हवाय," ती म्हणाली. "पैसे तुझ्या बापाचे हायत. त्याच्या जमिनीत नांगर फिरला पायजेल."

पियुषचा चेहरा पडला. "अडीच एकराला ट्रॅक्टर? लोक हसतील. आणि चालवणार कोण? इथं उतार बघ. उलटलीस बिलटलीस तर? बाबा गेले, आता तू पण..." पोरगा मुळात वाईट नव्हता. त्याला खरोखर भीती वाटत होती, फक्त त्या भीतीला त्यानं हिरवळ नेसवली होती.

शेवटी दोघांनीही महाडला जाऊन विचारायचं ठरलं. बाजारात कमलाकर शेठचं शेती अवजारांचं दुकान आहे. सत्तरीचा माणूस, तोंडानं फटकळ. पुरात दुकान छपरापर्यंत बुडालं तेव्हा तिसऱ्या दिवशी गाळात खुर्ची टाकून धंद्याला बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पियुषकडं बघून विचारलं, "चालवणार कोण?"

"मी," चंद्राबाई म्हणाली.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं गालात हसली. कमलाकर शेठ हसला नाही, त्यानं आता तिच्याकडं तोंड केलं. "मग तुम्हालाच सांगतो, बाई. ते गवताचं मशीन मी विकत नाही, पण मला माहीत आहे. पोटाखाली पातं असतं. सपाट बागेत उत्तम चालतं. त्याच्याच्यानं काही ओढवत नाही, चिखलात ते जाणार नाही, दगड लागला की पातं गेलं. हा बघा छोटा ट्रॅक्टर. मागे दोन फाळांचा नांगर बसतो, चिखलणीला जाळीची लोखंडी चाकं बसतात. आणि उद्या गवतच कापायची हौस आली, तर कापायचं अवजारही मागे जोडता येतं."

"म्हंजे हा गवत कापील, पन ते मशीन नांगरनार नाय."

"नाही."

"मंग इचारायचं काय राहिलं?" तिनं पियुषकडं बघितलं.

"आई, पण आपल्याला नांगरायचंच नाहीये!" पियुष जवळजवळ ओरडला.

कमलाकर शेठनं चष्मा पुसला आणि म्हणाला, "आधी मायलेकांनी जमिनीचं काय करायचं ते ठरवा. यंत्राचं मग बघू. यंत्र बिचारं सांगाल ते करील."

काहीच ठरलं नाही. पियुषनं एवढंच कबूल करून घेतलं की सही करण्याआधी आईनं ते गवताचं मशीन एकदा चालवून बघावं. तिनं मान्य केलं. बघायला काय जातंय, असं तिला वाटलं. ही तिची चूक झाली.

जून सरता सरता दोन दिवस उघडीप मिळाली. निषादच्या मामाच्या बंगल्यातलं मशीन पिकअपमधून घाट चढून वर आलं. वाडी लोटली. येसाजी आला, त्याची सून रंजिता पदर तोंडाला लावून मागं उभी राहिली. चंद्राबाईनं पदर खोचला आणि सरळ गादीवर जाऊन बसली. पाय दाबला, यंत्र गुरगुरत पुढं गेलं. अंगणापलीकडल्या मोकळ्या तुकड्यावर तिनं फणसाला दोन फेऱ्या घातल्या, तिसऱ्या फेरीला मागं वळून बघतही चालवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. येसाजीसुद्धा म्हणाला, "भले! शोभतेस गो चंद्रे."

चंद्राबाई खाली उतरली ती आतून तापलेली. गवतावर बसवलं तर शोभते. हेच चाक, हीच गादी, मागं फाळ लावला तर मात्र पाप. आणि दुसरी गोष्ट तिला कळली होती ती तिनं कुणाला सांगितली नाही: चाक फिरवणं काही अवघड नाही.

वाडी पांगली. ती चहा ठेवायला आत गेली. बाहेर निषाद मशीनवर बसला. पियुष फोनवर कुणाशी तरी बोलत होता. निषादनं पुढच्या हिरव्यागार चौकोनाकडं बोट करून विचारलं, "तेही मारू का?" पियुषनं कानावरून फोन न काढता बघितलं आणि म्हणाला, "मार. गवतच आहे."

तो राब होता. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून चंद्राबाईनं ती जागा भाजली होती, त्या राखेत भात पेरलं होतं, पाखरं हाकली होती. वीतभर उंचीची दाट, पोपटी रोपं आली होती. सातही खाचरांची लावणी त्या एका चौकोनात उभी होती.

चहाचे कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा चौकोनात तीन लांब पट्टे पडले होते. निषाद चौथ्यासाठी वळत होता.

तिनं कप खाली ठेवले. ते सांडले नाहीत, याचं तिला नंतर नवल वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "बंद कर ते," ती म्हणाली. निषादनं बंद केलं. "पियुष, हे काय हाय?"

पियुषनं फोन खाली घेतला. आईचा आवाज त्यानं ओळखला. "गवत... ना?"

"राब हाय. भात हाय ते. ह्याच जागेवर तू रांगलायस. ह्याच भाताची पेज तुला पाजली."

निषाद उडी मारून उतरला. "मावशी, चूक माझी आहे, मी विचारायला..."

"तू इचारलंस, बाबा. तुझी काय चूक. तू मुंबईचा." ती पियुषकडंच बघत होती.

पियुष पांढराफटक पडला होता. आणि माणूस घाबरला की नको तेच बोलतो. "आई, सॉरी. खरंच सॉरी. मी तुला तांदूळ आणून देतो ना. वर्षाचा. हवा तो."

"तांदूळ दुकानात मिळतो," चंद्राबाई म्हणाली. "माझ्या पोराला भात आनि गवत वळखता येत नाय. ते वळखनं कुठल्या दुकानात मिळंल?"

तिला रडू येत होतं, भातासाठी नव्हे. अकराव्या वर्षी तिनंच त्याला शिकायला महाडच्या वसतिगृहात घातलं होतं, शहाणा व्हावा म्हणून. तो शहाणा झाला होता. तिनं डोळे कोरडे ठेवले, राबात जाऊन उकिडवी बसली आणि कापलेल्या रोपांत बोटं घातली. पातं चार बोटं वरून गेलं होतं. भाताचं काळीज खाली असतं, मातीलगत. ते शाबूत होतं. आठ-दहा दिवस मागं पडेल, पण येईल.

"चहा प्या," ती उठून म्हणाली. "आनि मशीन गाडीत घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती एकटी महाडला गेली. कमलाकर शेठला म्हणाली, "ठरलं."

"मुलगा?"

"जमीन माझ्या नावावर हाय. सातबारा आनलाय."

कमलाकर शेठनं अट घातली. पाच दिवस दुकानामागच्या पडीक रानात येऊन शिकायचं, मगच ट्रॅक्टर घाट चढेल. ती पाच दिवस रोज आली. शेठ खुर्ची टाकून बसायचा आणि ओरडायचा: उतारावर आडवी वळू नका, क्लच सोडा हळू, मागे बघा मागे! तिसऱ्या दिवशी तिनं कुंपणाचा खांब पाडला. चौथ्या दिवशी तोच खांब ट्रॅक्टरनं ओढून उभा केला. पाचव्या दिवशी शेठनं जरा आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या वाडीत बाईनं नांगरलेलं चालतं?"

"नाय."

"मग एक सांगतो. कुणी आडवं आलं तर म्हणा, हा नांगर नव्हे, हे यंत्र आहे. यंत्राला कसला विटाळ? लोकांची तोंडं बंद होतात."

तिला ते पटलं. हुशारीची गोष्ट होती.

पण आडवं यायला येसाजीनं ट्रॅक्टर वर चढायची वाट बघितलीच नाही. तिच्या खाचरांत उतरायची बैलवाट त्याच्या वरच्या खाचराच्या कडेनं जायची. ट्रॅक्टर येतोय म्हटल्यावर त्यानं तिथं कुदळीनं बांध चढवला, वर काटेरी फांद्या टाकल्या, आणि निरोप धाडला: बाईच्या नांगराला माझ्या बांधावरनं वाट नाय.

चंद्राबाईनं निरोप ऐकला. मग घराला एक वळसा घातला. घराच्या मागं कोंडाजीच्या बैलांचा गोठा होता, तीन वर्षं रिकामा. त्याच्या मागल्या भिंतीपलीकडं तिचंच पहिलं खाचर. कोंडाजीनं ही भिंत स्वतः रचली होती, दगड आणि माती. गव्हाणीवर अजून दावं घासून पडलेले वण होते. तिनं त्या वणांवरून हात फिरवला. मग पहार आणली आणि वरचा दगड पाडला.

दोन दिवस ती भिंत पाडत होती. पाऊस चालूच होता. पहिल्या दिवशी दुपारी कुणीतरी तिच्या शेजारी घमेलं टेकवलं. येसाजीची सून रंजिता होती. ती सरळ दगड भरायला लागली. "सासरा बघंल गो," चंद्राबाई म्हणाली. "बघू दे," रंजिता म्हणाली, आणि त्यावर दोघींचं बोलणं संपलं. पाडलेल्या दगडांचाच त्यांनी खाचरात जायला उतार रचला.

ट्रॅक्टर आला त्या रविवारी पियुषही आला. गेले आठ दिवस तो रोज फोन करत होता आणि ती "जेवलास का" एवढंच विचारत होती. तो येऊन आधी राबाकडं गेला. कापलेले तीन पट्टे भरून आले होते, बाकीच्या रोपांपेक्षा बोटभर बुटके. तो तिथं बराच वेळ उभा राहिला.

सकाळी नऊला चंद्राबाईनं लोखंडी चाकं चढवलेला ट्रॅक्टर गोठ्यातून बाहेर काढला आणि त्या उतारावरून पहिल्या खाचरात उतरली. बांधावर सगळी वाडी उभी होती. सगळ्यांच्या पुढं येसाजी, हातात काठी.

"थांब गो!" तो ओरडला. "रीत मोडतेस तू. पाऊस गेला म्हंजे सगळ्यांच्या पोटावर पाय यील. त्याचा जाब कोन देनार?"

चंद्राबाईनं इंजिन चालू ठेवलं. हुशारीचं वाक्य जिभेवर तयार होतं. ती बोलणार एवढ्यात पियुषच पुढं झाला. गुडघाभर चिखलात उभा राहून तो काकापुढं हात जोडून म्हणाला, "काका, रीत कुठं मोडतेय? हा नांगर नाहीये. हे मशीन आहे. यंत्र आहे हो नुसतं."

बांधावरचे दोघं-तिघं माना हलवायला लागले. येसाजीही थबकला. निभत होतं. एवढ्यावर भागून सगळे घरी गेले असते.

चंद्राबाईनं मुलाकडं बघितलं. तो तिच्यासाठी बोलत होता, हे तिला कळत होतं. तरी तिला ते सोसेना. दोन वर्षांपूर्वी बैल वाचवला म्हणून तिनं माफी मागितली होती. आज नांगरते म्हणून खोटं बोलायचं?

"पियुष, गप," ती म्हणाली. "रोपाला गवत म्हनलास. आता नांगराला मशीन म्हनतोस. डोळे हायत का तुला?"

पियुषनं जोडलेले हात खाली सोडले.

ती येसाजीकडं वळली. "भावोजी, हा नांगरच हाय. बघा मागं, दोन फाळ हायत. आनि मी बाईच हाय. आता मी नांगरनार हाय. पाऊस रुसला तर मी त्याला समजावीन, तुमी मधी पडू नका."

तिनं मागचा दांडा खाली केला. फाळ मातीत गेले. ट्रॅक्टर एकदा गुदमरला आणि मग निघाला. मागं काळी माती उलटत गेली, वाफ निघावी तसा तिचा वास आला. हा वास तिनं जन्मभर बांधावरून घेतला होता. खोटं कशाला सांगा, पहिलं तास, म्हणजे फाळाची पहिली रेघ, संपताना तिनंही हळूच आभाळाकडं बघितलं. तिचंही बालपण याच डोंगरात गेलं होतं आणि ती भीती तिच्याही हाडात होती. पण चाक तिनं सोडलं नाही. दुसऱ्या तासाला ती भीती विसरून गेली, कारण खाचराचा कोपरा जवळ येत होता आणि वळायचं होतं.

संध्याकाळपर्यंत तीन खाचरं झाली. पियुष दिवसभर कुदळीनं कोपरे खणत होता, जिथं ट्रॅक्टर पोचत नव्हता तिथं. त्याच्या हाताला फोड आले. तिनं रात्री त्याच्या पेजेत तूप जास्त घातलं.

पाऊस रुसला नाही. उलट असा कोसळला की तिसऱ्या दिवशी कशेडीत दरड आली, हायवे सहा तास बंद, ट्रकांची रांग लागली. येसाजी आता सांगत फिरायला लागला की बघा, बाईनं नांगर धरला म्हणून पाऊस पिसाळला. पाऊस गेला तरी तिच्यामुळं आणि आला तरी तिच्यामुळं. चंद्राबाईला ते ऐकून हसू आलं. एवढी ताकद आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. तिची लावणी वाडीत सगळ्यांच्या आधी आटपली. ओसाड पडलेल्या दोन खाचरांतही तिनं लावलं, ते बुटके पट्टे तिथंच गेले.

त्या धो धो पावसात येसाजीच्या डाव्या बैलाच्या खुराला दगड लागला. बैल खाली बसला तो उठेना. येसाजीची पाच खाचरं नांगरायची राहिली होती आणि राबातली रोपं वय होऊन पिवळी पडत चालली होती. दोन दिवस त्यानं दम धरला. तिसऱ्या दिवशी रंजिता आली. "काकी, मामांनी इचारलंय..."

"त्यांना सांग, सोता या."

तो दुपारी आला. ओटीवर बसला नाही, पायरीशीच छत्री मिटून उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलला. म्हशीची चौकशी केली, पियुष मुंबईला पोचला का विचारलं. चंद्राबाई तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"ते तुझं मशीन..." येसाजी शेवटी म्हणाला.

"काय?"

"ते... मशीन. उद्याच्याला..."

"मशीन नाय माझ्याकडं," चंद्राबाई म्हणाली. सूप खाली ठेवून तिनं त्याच्याकडं बघितलं. "गवताचं एक आलं होतं, ते परत धाडलं."

येसाजीनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. त्याच्या मिशीवरून पाणी ठिबकत होतं.

"नांगर," तो म्हणाला. "तुझा नांगर मिळंल का उद्याच्याला?"

"मिळंल. तुमच्या बांधानं वाट अडवलीय, तो तुमच्या हातानं फोडायचा. आनि नांगरनाऱ्याला बांधावर चहा लागतो. तो घेऊन तुमीच यायचं, सुनंला धाडायचं नाय."

सकाळी ती ट्रॅक्टर घेऊन गेली तेव्हा बांध फुटला होता, काटेरी फांद्या बाजूला ओढल्या होत्या. पावसात येसाजी किटली घेऊन उभा होता, दुसऱ्या हातात कप पालथा धरून. चंद्राबाईनं इंजिन बंद न करता चहा घेतला. साखर जास्त पडली होती. तिनं कप परत दिला आणि बांधाच्या टोकाला उभ्या असलेल्या रंजिताला हाक मारली.

"ये गो. चढ वर. पयलं तास बघ, दुसरं तू घालायचंस."

रंजितानं सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं आभाळाकडं बघितलं. पाऊस पडतच होता. मग रंजितानं चपला बांधावर काढून ठेवल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि चिखलातून चालत ट्रॅक्टरवर चढली.